मुंबईचीं बाळंतपणें व पेण-रोह्याच्या जन्मनोंदी

सन १९२१ सालीं मुंबई शहरांत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागें ६६० हून अधिक अर्भकें वर्षाच्या आंत दगावलीं, असा आंकडा मुंबईच्या सामाजिक इतिहासावरील ग्रंथांत वारंवार आढळतो. त्याची खोल्यांवार फोडही बहुधा दिलेली असते. एका खोलीच्या बिऱ्हाडांत हजारीं ८२८, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ३२२, तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत १९१ व चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत १३३. हा उतार पाहून वाचणारा थक्क होतो, आणि शहरांत गेलेल्या स्त्रीच्या बाळंतपणाचा सगळा इतिहास या चार आंकड्यांत सांगून झाला असें त्यास वाटतें. आम्हांसही पुष्कळ वर्षें तसेंच वाटत होतें.

पुढें ध्यानांत आलें कीं, हजारांतील ८२८ मुलें खरोखरच वर्षाच्या आंत मरत असतीं, तर एका खोलींत राहणाऱ्या वस्तींत दुसरी पिढी उभीच राहिली नसती. आणि त्या वेळीं मुंबईची सुमारें दोन तृतीयांश वस्ती एका खोलींत राहत होती. गिरणगांवांतील चाळींत मुलें होतीं, तीं वाढलीं, त्यांचीं नातवंडें आज तेथेंच किंवा कल्याण-डोंबिवलीकडे नांदत आहेत. तेव्हां आंकड्यांत कोठें तरी गांठ आहे. ती सोडविण्यास मुंबईचें दप्तर पुरें पडत नाहीं. तिचें दुसरें टोंक पेण, रोहें, माणगांव, महाड व खालीं रत्नागिरी येथील गांवदप्तरांत आहे. प्रस्तुत लेखांत तें टोंक पेण व रोहें या दोन तालुक्यांपुरतें हातीं धरून पाहावयाचें आहे.

अर्भकमृत्यूचें प्रमाण काढतांना भाज्य म्हणून शहरांत वारलेलीं वर्षाच्या आंतील मुलें घेतात, व भाजक म्हणून त्याच वर्षीं त्याच शहरांत नोंदलेले जन्म घेतात. मूल जेथें जन्मतें तेथेंच त्याचें पहिलें वर्ष जातें, असें या रीतींत गृहीत धरलेलें आहे. मुंबईच्या बाबतींत हें गृहीतकृत्य टिकत नाहीं. कोंकणांतील स्त्री दिवस भरत आले म्हणजे माहेरीं किंवा सासरच्या गांवीं जाई, तेथें बाळंत होई, आणि मूल कांहीं महिन्यांचें झाल्यावर तें घेऊन मुंबईस परत येई. जन्म गांवच्या पाटलाच्या पुस्तकांत पडे. मूल पुढें मुंबईंत गेलें तर मरण मात्र मुंबई म्युनिसिपालिटीच्या पुस्तकांत पडे. त्या काळच्या अधिकाऱ्यांस ही गोष्ट ठाऊक होती, व आंकड्याबरोबर ती सांगितलीही जात असे. मागून आलेल्या ग्रंथकारांनीं आंकडा उचलला व खुलासा तेथेंच ठेवला.

याचा परिणाम किती होतो हें एका कल्पित उदाहरणावरून पाहूं. पेण-रोह्याकडील शंभर स्त्रिया मुंबईंत राहतात व एका वर्षांत प्रत्येकीस एक मूल होतें असें समजूं. त्यांपैकीं साठ जणी गांवीं बाळंत झाल्या, चाळीस मुंबईंत. शंभर मुलांपैकीं वीस वर्षाच्या आंत गेलीं. म्हणजे खरें प्रमाण हजारीं २०० झालें. या विसांपैकीं चार मुलें आई गांवीं असतांनाच गेलीं व सोळा मुंबईस आल्यावर गेलीं. मुंबईचा कारकून सोळांस चाळिसांनीं भागील, त्याचें उत्तर हजारीं ४०० येईल. गांवचें पुस्तक पाहणारा चारांस साठांनीं भागील, त्याचें उत्तर हजारीं ६७ येईल. गांवीं गेलेल्या स्त्रिया साठांऐवजीं ऐशीं धरल्या, आणि पांच मुलें गांवीं व पंधरा मुंबईंत गेलीं असें मानिलें, तर मुंबईचें उत्तर हजारीं ७५० वर जातें आणि गांवचें ६३ च्या आंत उतरतें. मुलें तींच, मरणें तींच, दुःख तेंच. केवळ दोन दप्तरांमधील खाडी मध्यें आल्यानें शहर स्मशान ठरतें व गांव नंदनवन ठरतें. वस्तुतः दोहोंपैकीं एकही गोष्ट सिद्ध होत नाहीं.

पेण व रोहें हे तालुके आम्हीं मुद्दाम निवडले. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांत, ज्यास १९८१ पासून रायगड म्हणतात, मुंबईशीं ज्यांचें दळणवळण सर्वांत निकट अशा मुलुखांत यांची गणना होई. पेणला अंतोऱ्याचें बंदर, जवळच धरमतर, आणि धरमतराहून मुंबईस आगबोट. रोह्याकडील माणसास नागोठण्यापर्यंत गाडीरस्ता, नाहीं तर कुंडलिकेच्या खाडीनें रेवदंड्याकडे उतार. आगगाडी रोह्यास पोहोंचली ती १९८६ सालीं. तोंपर्यंतचा सगळा व्यवहार पाण्याचा व मोटाररस्त्याचा. रत्नागिरीच्या स्त्रीस खुल्या समुद्रावरील बोटीचा प्रवास करावा लागे, व पावसाळ्याचे महिने ती वाट बंद असे. पेणची स्त्री आंतल्या पाण्यानें एका दिवसांत घरीं पोहोंचूं शके. ज्या मुलुखांतून जाणें-येणें जितकें सोपें, त्या मुलुखाच्या बाळंतपणांनीं मुंबईचा भाजक तितका अधिक पोखरला असला पाहिजे, असें आमचें अनुमान आहे.

स्त्रिया जात कां, या प्रश्नाचें सरधोपट उत्तर ‘रूढि’ असें देतात. पहिलें बाळंतपण माहेरचें, हा संकेत महाराष्ट्रांत सर्वत्र आहे हें खरें. सातव्या महिन्यांत ओटी भरावी, आठव्यांत प्रवास टाळावा, म्हणून तत्पूर्वींच माहेरचें माणूस न्यावयास यावें. पांचवी, सटवीचें पूजन, बारसें हें सर्व तिकडेच व्हावें. सव्वा महिना झाल्यावर, कित्येकदां तीन महिन्यांनीं, बाळलेणें घालून मुलास पोहोंचवावें. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणासही मुंबईची स्त्री गांव गांठी, तें केवळ संकेतामुळें असें म्हणवत नाहीं. येथें आमच्या जुन्या व्यवसायाच्या अंगानें थोडें विषयांतर करण्याची वाचकांनीं परवानगी द्यावी.

चरकाच्या शारीरस्थानांत सूतिकागाराचें वर्णन आहे. नववा महिना लागण्यापूर्वींच तें सिद्ध असावें असें सांगून अग्नीची जागा, पाण्याची सोय, उखळ, स्नानाची व शौचाची जागा आणि स्वयंपाकाची जागा, इतक्या गोष्टी त्यांत असाव्या असें आचार्य म्हणतात. पेण-रोह्याकडील साध्या कुणब्याच्या घरींही याचें लहानसें रूप पाहावयास मिळे. ओटीमागील काळोखी खोली, बाज, बाजेखालीं शेगडी, कोपऱ्यांत न्हाणी, दारांत निखारा व कडुनिंबाचा टाहाळा. आतां मुंबईच्या चाळींतील एक खोली घ्या. तींत नवरा, सासू, दीर, आणि बहुधा गांवचे दोन खाणावळे. नळ व शौचकूप मजल्याच्या टोंकाला, सगळ्यांस मिळून. सूतिकागारासाठीं जी सामग्री लागते त्यांपैकीं एकही वस्तु त्या खोलीच्या आंत नाहीं. एक अग्नि तेवढा आहे, पण त्यावर सात माणसांचा भात शिजतो. अशी स्त्री बाळंतपणास गांवीं गेली तर ती रूढीपुढें मान तुकवीत होती असें म्हणण्यापेक्षां जागा शोधीत होती असें म्हणणें अधिक योग्य.

काश्यपसंहितेची साक्ष याहून उपयोगी आहे. या ग्रंथाचें खंडित हस्तलिखित नेपाळांत पंडित हेमराज शर्मा यांच्या संग्रहीं मिळालें व १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांत तें मुद्रित झालें, हें हस्तलिखितसंग्राहकांस सांगावयास नको. त्याच्या खिलस्थानांत बाळंतिणीचा उपचार अनूप, जांगल व साधारण अशा देशभेदानें निरनिराळा सांगितला आहे, परकीय लोकांच्या चालींचाही उल्लेख आहे. स्थलांतरानें प्रसूतीची काळजी बदलावी लागते हा विचार आपल्याकडे इतका जुना आहे. मात्र या कसोटीनें पाहिलें तर पेण, रोहें व मुंबई हीं तिन्हीं एकाच अनूप देशांत मोडतात. हवा तीच, दमटपणा तोच, भात व मासळी तीच. म्हणजे मुंबईस गेलेल्या स्त्रीच्या प्रकृतींत जो बदल झाला त्याचें खापर देशावर फोडतां येत नाहीं. तें खोली, काम व ताट या तिहींवर फोडावें लागतें.

खोल्यांवार उताराचा अर्थही येथें निराळा लागतो. एका खोलींत राहणारी स्त्री बहुशः नुकती गांवाहून आलेली, तिचें माहेर कोंकणांत किंवा देशावर. चार खोल्यांच्या घरांतील स्त्रीचें माहेर पुष्कळदां मुंबईंतच, गिरगांवांत किंवा दादरास. ती माहेरीं गेली तरी जन्म मुंबईच्याच पुस्तकांत पडे. शिवाय तिला सूतिकागृहास जागा होती. म्हणून एका खोलीचा भाजक सर्वांत अधिक घटला व चार खोल्यांचा सर्वांत कमी. लहान जागेनें मुलांचें आरोग्य बिघडविलें हें खरेंच; पण त्याच लहान जागेनें आयांना गांवीं धाडलें, आणि त्यामुळें तो बिघाड कागदावर आहे त्याहून कितीतरी मोठा दिसला. एकाच कारणाचीं हीं दोन कार्यें आजवर एकत्र मोजलीं गेलीं. त्याच सालच्या खानेसुमारींत मुंबईस दर हजार पुरुषांमागें सुमारें सव्वापांचशें स्त्रिया होत्या. ज्या शहरांत बायकांची वस्तीच अर्धी व तीही अर्धी गांवीं रुजलेली, तेथें जन्माच्या नोंदीवर विसंबणें म्हणजे भरतीची खूण पाहून ओहोटीचें पाणी मोजणें होय.

येथवर वाचून कोणी असा तर्क करील कीं, शहरानें स्त्रियांचें कांहीं बिघडविलेंच नाहीं, तो सारा कारकुनी घोटाळा, असें आमचें म्हणणें आहे. तसें मुळींच नाहीं. भाजकाशीं ज्यांचा संबंध नाहीं असे पुरावे आहेत, व ते कठोर आहेत. मुंबई सरकारनें नेमलेल्या डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनीं गिरणींत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणापूर्वींच्या व नंतरच्या स्थितीची चौकशी केली; त्यांचा अहवाल मजूरखात्याच्या मासिकांत सप्टेंबर १९२२ मध्यें प्रसिद्ध झाला. अशा स्त्रियांच्या मुलांपैकीं शेंकडा ९८ मुलांना अफू दिली जाते, असें त्यांनीं त्यांत नमूद केलें. आई वाइंडिंगखात्यांत दिवसभर उभी, मूल शेजारणीपाशीं किंवा म्हाताऱ्या सासूपाशीं. तें झोंपलेलें राहावें म्हणून गोळी. निजलेलें मूल पीत नाहीं, न पिणारें मूल वाळतें, आणि न पाजणाऱ्या आईचें दूध आटतें. गांवींही बाळकडूंत अफूचा अंश घालीत, परंतु तेथें आई बांधाच्या अंतरावर असे. मुंबईंत ती भोंग्याच्या पलीकडे असे.

मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांत त्या काळीं सुमारें एकपंचमांश स्त्रिया होत्या. त्यांना बाळंतपणाची रजा पगारासह मिळावी म्हणून ना. म. जोशी यांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत बिल आणलें. तें नामंजूर झालें. पुढें रा. सी. आसवले यांनीं मुंबई कायदेकौन्सिलांत तो प्रश्न हातीं घेतला. २८ जुलै १९२८ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्या बिलास पाठिंबा दिला, व आईस विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें असल्यानें त्या खर्चाचा बराचसा भार वस्तुतः सरकारनें उचलावयास हवा असें मत मांडलें. कायदा १९२९ सालीं झाला. बाळंतपणापूर्वीं तीन व नंतर चार आठवडे, रोजीं आठ आणे. देशांतील या प्रकारचा हा पहिला कायदा, त्याचें महत्त्व कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण माहेरच्या पंचांगाशीं तो ताडून पाहावा. सातव्या महिन्यांत निघून मूल तीन महिन्यांचें झाल्यावर परतणाऱ्या स्त्रीस पांच-सहा महिने लागत. कायदा सात आठवड्यांचा. गांवीं राहावें तर जागा हातची जाण्याचें भय, मुंबईस राहावें तर खोली अपुरी. पुढें मुंबईंतच बाळंत होण्याची चाल वाढली, तींत परळच्या १९२६ सालच्या नौरोसजी वाडिया प्रसूतिगृहाचा, म्युनिसिपालिटीच्या सूतिकागृहांचा व या कायद्याचा तिघांचाही वांटा असावा. १९२१ नंतरच्या दहा वर्षांत मुंबईचा अर्भकमृत्यूचा आंकडा निम्म्याखालीं आला. त्यांतील किती भाग मुलें वांचल्यामुळें व किती भाग जन्म मुंबईंत नोंदले जाऊं लागल्यामुळें, हें वेगळें काढल्याखेरीज त्या यशाचीही नीट वांटणी होणार नाहीं.

तिसरी गोष्ट ताटाची. निवृत्तीनंतर परळच्या हाफकिन संस्थेंत संशोधन करणाऱ्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांना मुंबईच्या गरोदर स्त्रियांत एक विलक्षण पांडुरोग दिसून आला. त्यांच्या निमंत्रणावरून डॉ. ल्यूसी विल्स १९२८ च्या अखेरीस मुंबईस आल्या. विल्स व डॉ. शकुंतला तळपदे यांनीं शहरांतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली. गरीब स्त्रियांत, विशेषतः ज्या घरांत मांसमासळी, फळें व भाजीपाला फारच थोडा, अशा गरीब मुसलमान स्त्रियांत हा रोग अधिक आढळला. मार्माइट नांवाच्या यीस्टच्या स्वस्त अर्कानें तो बरा होतो हें विल्स यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील द्रव्य कोणतें हें त्या वेळीं कळलें नव्हतें. १९४१ सालीं अमेरिकेंत पालकाच्या पानांतून जें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें व ज्यास पर्णवाचक लॅटिन शब्दावरून फॉलिक आम्ल हें नांव मिळालें, तेंच तें. आज जगांतील गरोदर स्त्रियांना जी गोळी देतात तिचें मूळ परळांत, मुंबईच्या स्त्रियांच्या रक्तांत आहे. पेण-रोह्याच्या डोंगरउतारावर पावसाच्या पहिल्या सरीबरोबर टाकळा, कुर्डू, भारंगी उगवते, ती विकत घ्यावी लागत नाहीं. चाळींतील स्त्रीस पालेभाजीही पैशानेंच मिळे, आणि मिळकतींतून गांवीं मनिऑर्डर गेल्यावर उरे त्यांत. पेण-रोह्याच्या स्त्रियांत हा पांडुरोग किती होता याचें स्वतंत्र मोजमाप आमच्यापुढें नाहीं, म्हणून या बाबतींत आम्ही एवढ्यावरच थांबतों.

गांवाकडील बाजूही झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. सुईण अनुभवी असे, परंतु नाळ ज्या विळ्यानें कापली जाई तो दुपारीं गवत कापीत असे. धनुर्वातानें आठवड्याच्या आंत मूल जाणें, बाळंतज्वरानें आई जाणें, आडवें मूल असल्यास दोघेंही जाणें, हें गांवोगांव घडे, आणि त्याचें कारण सटवी किंवा बाहेरची बाधा म्हणून सांगितलें जाई. जीं मुलें पांचवीपूर्वींच गेलीं त्यांचा जन्म व मरण दोन्हीं पाटलाच्या पुस्तकांत चढविण्याची कोणास निकड नसे. म्हणजे गांवचा आंकडा भागाकाराच्या दोषानें आधींच कमी, त्यांत नोंद न होण्याच्या दोषानें आणखी कमी. मुंबईची स्त्री माहेरीं जाऊन एक धोका टाळी व दुसरा पत्करी. तिनें केलेली निवड शहाणपणाची होती कीं नाहीं हें ठरविण्यास दोन्हीं दप्तरें एकमेकांपुढें ठेवलीं पाहिजेत.

ती ठेवावयाचीं कशीं, हा संग्राहकांचा प्रश्न. तीन प्रकारचीं साधनें आमच्या डोळ्यांपुढें आहेत.

जन्मपत्रिका हें पहिलें. पेण व रोहें येथील ब्राह्मण व कायस्थ प्रभु घराण्यांच्या दप्तरांत पत्रिकांचीं भेंडोळीं असतात, व पत्रिकांवर चित्रें किंवा वळणदार अक्षर नसेल तर संग्राहक त्यांस हात लावीत नाहींत. पत्रिकेंत तिथि, वार, इष्टघटिका यांबरोबर ग्रामनाम आढळतें. तें ग्रामनाम स्पष्ट लिहिलेलें नसेल, तर गणितावरून स्थळ काढण्याच्या भरीस कोणी पडूं नये. मुंबई, पेण व रोहें यांच्या अक्षांशांत सर्व मिळून अर्ध्या अंशाच्या आसपास अंतर. पलभा जवळजवळ एकच, लग्नांत भेद पडतच नाहीं. घड्याळी वेळ दिली असल्यास मात्र सावध राहावें, कारण १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ निराळी असूनही मुंबई शहरानें आपली एकोणचाळीस मिनिटांनीं मागें असलेली वेळ १९५५ पर्यंत चालविली. या साधनाची मोठी उणीव अशी कीं, गिरणींत गेलेल्या कुणबी, आगरी व महार स्त्रियांच्या मुलांच्या पत्रिका क्वचितच केल्या जात. म्हणून त्या केवळ पांढरपेशा वर्गापुरत्या उपयोगी.

दुसरें साधन शाळेचें जनरल रजिस्टर. आमचा उभा जन्म त्याच्या सहवासांत गेल्यानें त्याचे गुणदोष आम्ही जाणतों. त्यांतील जन्मतारखेवर कोणीही विश्वास ठेवूं नये. महाराष्ट्रांतील निम्मीं मुलें एक जून रोजीं जन्मलीं असें मानण्याची तयारी असेल तरच ठेवावा. ती तारीख गुरुजींनीं प्रवेशाच्या सोयीनें घातलेली असते, आणि तें पातक आमच्याही हातून घडलें आहे. पण त्याच पानावरील जन्मस्थळाच्या रकान्यांत खोटें लिहिण्यास कोणासच कारण नव्हतें. परळ, लालबाग, शिवडी या भागांतील जुन्या मराठी शाळांचीं रजिस्टरें तपासून ज्यांचें जन्मस्थळ पेण किंवा रोहें तालुक्यांत पडतें अशीं मुलें मोजलीं, तर मुंबईच्या भाजकांत किती जन्म मिळवावयाचे याचा अंदाज येईल. यांत पूर्ववयांत मुंबईस आलेलीं मुलें वगळलीं पाहिजेत. एकाच घरचीं भावंडें जुळवून, थोरलें मुंबईंत जन्मलेलें व धाकटें गांवीं, असें जेथें सांपडेल तेथें आई बाळंतपणापुरती गेली होती हें निश्चित समजावें. सहाव्या वर्षापर्यंत जगलेलींच मुलें या रजिस्टरांत येतात, आणि गरिबांचीं तींही सगळीं येत नाहींत, हें लक्षांत ठेवून काम करावें.

तिसरें व मुख्य साधन गांवची जन्ममृत्यूची नोंदवही, जिला कोतवालबुक किंवा गांव नमुना १४ म्हणतात. बापाचें नांव, जात, मुलगा कीं मुलगी, तारीख. जुन्या पानांचें लेखन मोडी. आमच्या पाहण्यांत जीं पानें आलीं त्यांत आईचें नांव नव्हतें व बापाचें राहण्याचें ठिकाणही नव्हतें. तथापि एक वाट उरते. माहेरीं जन्मलेल्या मुलाचा बाप त्या गांवचा नसतो. त्याचें आडनांव गांवच्या खातेदारांच्या यादींत बसत नाहीं. ज्या नोंदींतील आडनांव त्याच काळच्या सात-बारांत किंवा जुन्या फाळणीपत्रकांत सांपडत नाहीं त्या निराळ्या काढल्या, तर माहेरच्या बाळंतपणांचा एक ठोकळ हिशेब मिळतो. सर्वच माहेरवाशिणी मुंबईहून आलेल्या नसतात. शेजारच्या गांवाहूनही येतात. तो फरक साल व ऋतु यांवरून कांहीं अंशीं काढतां येईल असें वाटतें, परंतु प्रत्यक्ष करून पाहिल्याखेरीज अधिक लिहिणें बरें नव्हे.

या पुस्तकांबाहेर राहिलेली एक स्त्री आहे, तिचा उल्लेख न करणें अन्यायाचें होईल. पेण व रोहें या दोन्हीं तालुक्यांत कातकऱ्यांची वस्ती मोठी. दिवाळी झाली कीं तीं कुटुंबें कोळशाच्या किंवा विटांच्या भट्टीवर जातात व पावसाच्या तोंडाशीं वाडीवर परततात. वाढत्या शहराच्या विटा त्यांनीं पाडल्या, पण शहरांत त्यांस खोली मिळाली नाहीं. त्यांच्यांतील स्त्रीस बाळंतपणास जाण्याजोगें माहेरही वर्षाचे सहा-सात महिने वाडीवर नसतें, कारण आईबापही दुसऱ्या भट्टीवर गेलेले असतात. मूल भट्टीवर झालें तर वाडीच्या गांवीं त्याचा जन्म पडत नाहीं, भट्टीच्या गांवींही पडेलच असें नाहीं. वर सांगितलेल्या तिन्हीं साधनांत ती सांपडणार नाहीं.

सांप्रत खाडीचा ओघ उलटा झाला आहे. १९६९ च्या कायद्यानें जन्म जेथें झाला तेथेंच नोंदला जातो, आणि पेण-रोह्याच्या खेड्यांतील स्त्रीचें अवघड बाळंतपण अलिबाग, पनवेल किंवा मुंबईच्या इस्पितळांत होतें. म्हणजे पूर्वीं शहराच्या स्त्रीचें मूल गांवच्या पुस्तकांत पडे, आतां गांवच्या स्त्रीचें मूल शहराच्या पुस्तकांत पडतें. फरक इतकाच कीं आजच्या जन्मपत्रकांत आईच्या नेहमींच्या राहण्याच्या गांवासाठीं स्वतंत्र रकाना आहे, त्यामुळें पुढच्या संशोधकास आमच्यासारखीं आडनांवें चाळावीं लागणार नाहींत.

जुन्या पुस्तकांस मात्र आतां घाई आहे. निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समिति २०२३ सालीं नेमली गेल्यापासून कुणबी नोंदींसाठीं राज्यभर कोतवालबुकें उघडलीं जात आहेत, व कधीं नव्हे ती मोडी वाचणाऱ्यांस मागणी आली आहे. जें दप्तर पन्नास वर्षें कोणी सोडलें नव्हतें तें सुटलें याचा आम्हांस आनंद आहे. पण वाचणाऱ्याचें बोट जातीच्या रकान्यावर असतें. तो मिळाला कीं पान उलटतें. कागद ठिसूळ आहे, आणि प्रत्येक उलटण्यास त्याचा कांठ गळतो. तारीख व मुलगा-मुलगी हे रकाने बहुधा कांठाशींच असतात. आमच्या वाचकांपैकीं ज्यांस मोडी येते व ज्यांस या कामाच्या निमित्तानें पेण किंवा रोहें तालुक्यांतील अशीं पुस्तकें पाहण्याचा योग येईल, त्यांनीं १९११ ते १९३१ या वीस वर्षांपुरता तरी प्रत्येक नोंदीचा सर्व रकान्यांसह उतारा करावा, व गांवचें नांव आणि पुस्तकाचें साल प्रत्येक पानाच्या माथ्यावर लिहावें. मृत्यूंचीं पानेंही सोडूं नयेत. जेथें तारखेचा कांठ गळला असेल तेथें अंदाजानें तारीख न घालतां जागा कोरी ठेवावी.